नक्राश्रू आणि सुसरबाई : एका उसन्या वाक्प्रचाराची चिकित्सा

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवली हा पश्चिमेकडील आणि घाटकोपर-मुलुंड हा पूर्वेकडील लोहमार्ग यांच्या दरम्यान, विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि पवई (१८९१) हे तीन तलाव आहेत. या तलावांत मगरी आहेत. पवईच्या काठावर ऊन खात पडलेली मगर पाहण्यासाठी रस्त्याने जाणारी माणसे आजही थबकतात. याच परिसरातील मराठी शाळांत व्याकरणाच्या तासाला 'नक्राश्रू ढाळणे : खोटे दुःख दाखवणे' असा वाक्प्रचार अर्थासह पाठ करून घेतला जातो. नक्र म्हणजे मगर ही गोष्ट बहुतेक विद्यार्थ्यांना त्या तासालाच प्रथम समजते. काहींना तेव्हाही समजत नाही, आणि न समजल्याने त्यांचे गुणही जात नाहीत. काठावरचा प्राणी आणि पुस्तकातला वाक्प्रचार यांची भेट न होता वाक्प्रचार वापरता येतो, ही वस्तुस्थिती भाषेच्या अभ्यासकाने विचारात घेण्यासारखी आहे. वाक्प्रचारात प्राणी येतो तो सहसा त्या भाषेच्या बोलणाऱ्यांनी त्याला पाहिलेले असते म्हणून. नक्राश्रूंच्या बाबतीत मात्र पाहिले कोणी, कोठे आणि कशासाठी, हे प्रश्न मराठीच्या परिघाबाहेर घेऊन जातात.

'नक्राश्रू' हा शब्द वरकरणी अत्यंत जुना वाटतो. दोन तत्सम पदांचा षष्ठीतत्पुरुष, मध्ये सवर्णदीर्घ संधी, उच्चाराला तीनच अक्षरे. एखाद्या पुराणातून किंवा सुभाषितसंग्रहातून तो थेट उतरला असावा, असा भास त्याच्या रूपातून होतो. प्रत्यक्षात हा इंग्रजीतील 'क्रोकोडाइल टिअर्स' या वाक्प्रचाराचा शब्दशः अनुवाद आहे, आणि त्याचे प्राचीनत्व हे त्याच्या वेशाचे प्राचीनत्व आहे. या विधानाचा सर्वांत सबळ पुरावा अन्य भारतीय भाषांत सापडतो. हिंदीत 'घडियाली आँसू' किंवा 'मगरमच्छ के आँसू', गुजरातीत 'मगरनां आंसु', कन्नडमध्ये 'मोसळे कण्णीरु', तेलुगूत 'मोसलि कन्नीरु', तमिळमध्ये 'मुदलैक् कण्णीर्', मल्याळममध्ये 'मुतलक्कण्णीर्', आणि बंगालीत 'कुंभीराश्रु'. सर्वत्र रचना एकच, प्राणी अधिक अश्रू. सर्वत्र अर्थ एकच. शब्द मात्र प्रत्येक भाषेचा वेगळा. मूळ संस्कृत असते तर ते एकच पद तत्सम रूपात या भाषांतून फिरले असते, जसे 'बकध्यान' फिरले. येथे फिरली आहे ती कल्पना, पद नव्हे; आणि ती ज्या काळात व ज्या वर्गातून फिरली, त्या काळात त्या वर्गाला समान असणारी भाषा इंग्रजी होती.

या यादीत मराठी आणि बंगाली या दोन भाषा उठून दिसतात. इतरांनी बोलीतला प्राणी घेतला. या दोघींनी कोशातला घेतला. (नक्र आणि कुंभीर हे शब्द अमरकोशाच्या वारिवर्गात परस्परांचे पर्याय म्हणून शेजारी शेजारी आलेले आहेत, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.) मराठीत 'मगरीचे अश्रू' असाही प्रयोग आहे, पण लेखी गद्यात पैजेचा विडा नक्राश्रूंनीच उचलला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिकलेल्या आणि संस्कृत जाणणाऱ्या लेखकवर्गाने जे मराठी गद्य घडवले, 'निबंधमाले'च्या (१८७४) काळात ज्याला प्रौढी आली, त्या गद्याची ही ओळखीची रीत आहे. इंग्रजीकडून कल्पना घ्यावी, पण ऋण दिसू नये म्हणून तिला संस्कृत पोशाख चढवावा. 'हंसगीत' हा दुसरा नमुना. भारतीय परंपरेतला हंस नीरक्षीरविवेक करतो, मानससरोवराकडे जातो, दमयंतीचा दूत होतो. मरताना गाण्याची त्याला सवय नाही. तरीही 'हंसगीत' आज कोणाला खटकत नाही. पुढे भाषाशुद्धीच्या चळवळीचा कटाक्ष फारसी-इंग्रजी शब्दांवर राहिला, आणि माधव जूलियनांनी 'भाषाशुद्धि-विवेका'त (१९३८) त्या चळवळीची परखड तपासणी केली. परंतु वादाचा भर शब्दाच्या कुळावर होता. कल्पना परकी आणि शब्द मात्र शुद्ध संस्कृत, अशा वाक्प्रचाराला पकडण्याचे जाळे शुद्धिवाद्यांपाशी नव्हते. तो सोवळे नेसून आत आला होता.

येथे शुद्धिवादाची बाजू घेण्याचा हेतू नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. कल्पनांची आयात ही कोणत्याही जिवंत भाषेची गरज असते. प्रश्न वेगळा आहे. आयात केलेली कल्पना स्वतःबरोबर कोणती मनोभूमी घेऊन आली, आणि मराठीत त्याच प्राण्याविषयी आधीपासून जे बोलले जात होते त्याचे तिने काय केले?

मगर रडते ही समजूत युरोपात मध्ययुगापासून आढळते. चौदाव्या शतकातील सर जॉन मँडेव्हिलच्या नावावरील प्रवासवृत्ताने ती लोकप्रिय केली. तेथे हे प्राणी माणसाला मारतात आणि रडत रडत खातात. १५६५ मधील जॉन हॉकिन्सच्या सफरीचे जॉन स्पार्कने लिहिलेले वृत्त पुढे हॅक्लुटच्या संग्रहात आले, त्यात चित्र थोडे बदलते. मगर भक्ष्य जवळ यावे म्हणून रडते. म्हणजे एका कथेत अश्रू भक्षणाच्या वेळचे आहेत, दुसरीत भक्षणापूर्वीचे. एकीत ते ढोंगी पश्चात्तापाचे आहेत, दुसरीत सापळ्याचे. इंग्रजीत वाक्प्रचार म्हणून त्याचा प्रारंभीचा वापर १५६३ मधील बिशप एडमंड ग्रिंडलच्या लेखनात मिळतो, आणि तो संदर्भ बोलका आहे. एका व्यक्तीची नम्रता बनावट असेल आणि तिचे अश्रूही मगरीचे असतील, अशी भीती तेथे व्यक्त झाली आहे. लिहिणारा धर्माधिकारी आहे आणि प्रश्न नम्रतेच्या खरेपणाचा आहे. ख्रिस्ती धर्मजीवनात पश्चात्तापाच्या अश्रूंना मोक्षाचे मोल आहे. ज्या नाण्याला मोल असते त्याचेच खोटे नाणे पाडले जाते. नक्राश्रूंची शंका ही त्या अर्थव्यवस्थेतली शंका आहे.

भारतीय परंपरेत दांभिकांची वाण नव्हती. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात बैडालव्रतिक आणि बकव्रती असे दांभिकांचे दोन वर्गच सांगितले आहेत. मांजर आणि बगळा. दोघेही शांत, स्थिर, व्रतस्थ दिसतात आणि दबा धरून असतात. 'बगळाभगत' आणि 'बकध्यान' या मराठीतील शब्दांना हीच वंशावळ आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की येथे सोंग वैराग्याचे आहे, शोकाचे नाही. ज्या समाजात तपस्व्याला मान आणि अन्न मिळते, त्या समाजात खोटा तपस्वी उपजतो आणि भाषा त्याच्यासाठी बगळा शोधते. दुःखाचा देखावा मराठीला अनोळखी होता असे नव्हे. 'गळा काढणे', 'ऊर बडवणे' या प्रयोगांना उपहासाची धार सहज येते. पण त्यांत आक्षेप अतिरेकावर आहे. रडणारा आतून कोरडा आहे, एवढेच नव्हे तर ज्याच्यासाठी रडतो त्याला खाणाराही तोच आहे, हा दुहेरी आरोप करणारे एकच पद मराठीत नव्हते. ती उणीव नक्राश्रूंनी भरून काढली, हे मान्य केले पाहिजे. वाक्प्रचार टिकला तो केवळ इंग्रजीच्या दबदब्याने नव्हे.

तरीही तो मराठीत शिरला तेव्हा त्याचे मूळ चित्र सीमेवरच राहिले. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या दुसऱ्या उल्लासात लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, त्या अर्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. 'नक्राश्रू' या पदाला त्या लावून पाहाव्यात. मंत्र्याच्या डोळ्यांतील पाणी नक्राचे असू शकत नाही, म्हणून मुख्यार्थबाध आहे. रूढी आहे. पण मधली अट, तद्योग, तीच मराठी वाचकाच्या हाती नाही. मगर आणि खोटे रडणे यांचा संबंध त्याने पाहिलेला नाही, ऐकलेला नाही, त्याच्या कथांत तो नाही. तो संबंध मँडेव्हिलच्या पानावर आहे. म्हणजे मराठीतील ही लक्षणा मधला खांब नसलेल्या पुलासारखी उभी आहे; ती केवळ रूढीवर, आणि तीही उसन्या रूढीवर, तोलली गेली आहे. म्हणूनच विद्यार्थ्याला नक्र म्हणजे काय हे ठाऊक नसताना अर्थ पाठ होतो. भक्ष्याला भुलवण्यासाठी रडणे हा जो दुसरा, अधिक भयंकर अर्थ इंग्रजीत होता, तोही या प्रवासात गळून पडला. 'खोटे दुःख' एवढाच कोशार्थ उरला.

मग मराठी माणसाने मगर पाहिलीच नव्हती काय? पाहिली होती, आणि फार जवळून. कृष्णेच्या काठी सांगली-औदुंबरच्या परिसरात, चिपळूणच्या वाशिष्ठीत, महाडच्या सावित्रीत ती आजही आहे. गोव्यात फोंडा तालुक्यातील खाजणशेतीच्या गावांत पौष अमावास्येला शेतकरी चिखलाची मगर घडवतात, तिला शिंपल्यांनी सजवतात आणि तिची पूजा करतात. 'मानगे थापणी' या नावाने हा विधी प्रसिद्ध आहे. बांधापलीकडच्या पाण्यात जी आहे तिच्याशी वर्षाचा करार करून ठेवण्याची ही रीत आहे. तिच्या अंतःकरणात काय आहे, याची चौकशी त्या करारात नाही.

भाषेनेही तिच्या शरीराची नोंद नेमकी घेतली आहे. 'मगरमिठी' हा शब्द घ्यावा : जी सुटत नाही अशी पकड. गजेंद्रमोक्षाची कथा (भागवत, आठवा स्कंध) कीर्तनांतून आणि संतांच्या वाणीतून घरोघर गेली, तिच्यातही ग्राहाचे एकच लक्षण आहे, त्याने पाय धरला आहे. आणि मग ती म्हण, जिच्याशिवाय हा विषय मराठीत पुरा होऊच शकत नाही : 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ.'

'सुसर' हा शब्द 'शिशुमार' या प्राचीन जलचरनामाच्या कुळातला, बोलीत झिजून गुळगुळीत झालेला. जिची पाठ मऊ म्हटली आहे तिची पाठ खवल्यांची, काटेरी आहे, हे बोलणाऱ्याला माहीत आहे आणि ऐकणाऱ्यालाही माहीत आहे. म्हणजे विधान असत्य आहे. पण हे असत्य कोणाचे आहे? पाण्याच्या मध्यभागी सुसरीच्या पाठीवर बसलेल्याचे. त्याला पैलतीर गाठायचा आहे, आणि तोवर त्याच्याजवळ शब्दांखेरीज दुसरे साधन नाही. कोश या म्हणीचा अर्थ 'बलवंताची तोंडदेखली स्तुती करणे' अशा आशयाचा देतात आणि तो चूक नाही. पण त्यातून म्हणीचे नाट्य निसटते. 'बाई' हे आदरार्थी संबोधन, आणि लगेच 'तुझी' हे एकवचन. मराठीत ही जोडी आईसाठी व देवीसाठी वापरतात. जिला भ्यायचे तिलाच नात्यात ओढायचे, ही खाजणातल्या पूजेचीच वृत्ती दोन पदांत आली आहे. शिवाय किनाऱ्याला लागल्यावर तो काय म्हणाला, हे म्हणीत नाही. म्हण अजून पाण्यातच आहे.

दोन प्रयोग शेजारी ठेवले की अंतर दिसते. 'नक्राश्रू' तृतीयपुरुषी आहे; जो समोर नाही, किंवा समोर असूनही ज्याला आपल्या बोलण्याने आता काही करता येणार नाही, त्याच्याविषयीचा तो निकाल आहे. 'सुसरबाई' द्वितीयपुरुषी आहे. तो संवाद आहे, आणि तो जिवावर बेतलेला आहे. पहिल्यात ढोंग बलवंताचे आहे, दुसऱ्यात दुर्बळाचे. इंग्रजीने मगरीच्या डोळ्यांकडे पाहिले. मराठीने तिच्या पाठीकडे आणि जबड्याकडे पाहिले. बलवंताच्या मनात खरे दुःख आहे की खोटे, हा प्रश्न ज्याला पडतो त्याला थोडी उसंत असावी लागते. पाठीवर बसलेल्याला ती नसते.

हे चित्र मराठीपुरते नाही. जातककथांतील सुंसुमार जातक (क्र. २०८) आणि पंचतंत्राच्या 'लब्धप्रणाश' या चौथ्या तंत्रातील वानर व मकर यांची कथा हीच मांडणी वापरते. वानर मकराच्या पाठीवर बसून निघतो; मध्यावर त्याला कळते, की आपले काळीज हवे आहे; काळीज झाडावरच राहिले असे सांगून तो परत तीर गाठतो. येथे एक तपशील विसरला जातो. वानराला सत्य कळते ते मकराने स्वतःच सांगितल्यामुळे. आता हा निसटू शकत नाही अशी खात्री झाल्यावर त्याला लपवण्याचे कारण उरत नाही. भारतीय कथेतील हा मकर दांभिक म्हणून अगदीच कच्चा आहे. खरा कसलेला असत्यवादी वानर आहे, आणि कथा वानराच्या बाजूने आहे. युरोपीय कथेतली मगर भक्ष्य खातानाही रडण्याचे भान राखते. दोन्ही प्राणी एकाच जातीचे म्हणणे कठीण आहे.

मुंबईत जन्मलेल्या किपलिंगला (१८६५) मात्र हे दुसरे चित्र ठाऊक होते. 'द सेकंड जंगल बुक'मधील (१८९५) 'दि अंडरटेकर्स' या कथेत नदीकाठची वृद्ध मगर बोलते, आणि तिच्याशी बोलणारे कोल्हा व मोठा करकोचा तिची अखंड खुशामत करतात. ते तिला ज्या बिरुदाने हाक मारतात ते 'गरीबपरवर' या अर्ज-दरबारी संबोधनाचे उघड भाषांतर आहे. सबंध कथा सुसरबाईचा विस्तार म्हणून वाचता येते. तिच्यातील मगरीने अठराशे सत्तावनमध्ये नदीतून वाहत आलेली प्रेते खाल्लेली आहेत, आणि शेवटी तिला गोळी घालतो तो इंग्रज. म्हणजे रयतेच्या खुशामतीला विषय असलेली सत्ता किपलिंगने नदीतल्या जनावराकडे सोपवली आणि बंदूक आपल्या माणसाच्या हाती दिली. ज्या अर्जांतून ते बिरुद त्याने उचलले, ते अर्ज प्रत्यक्षात कोणाच्या नावे लिहिले जात होते, हा प्रश्न कथेत येत नाही. रयत 'मायबाप सरकार' म्हणत होती तेव्हा ती सुसरीच्या पाठीवर होती, असे म्हणण्यास हरकत नसावी. उपनगरांतल्या झोपडवस्त्यांतून महापालिकेच्या विभाग कार्यालयात जाणाऱ्या अर्जांतले 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' हे त्याच घराण्यातले. त्या भाषेला लाचारी म्हणून निकालात काढणारा अभ्यासक म्हणीच्या पहिल्या शब्दापाशीच थांबलेला असतो.

आता नक्राश्रूंच्या मायदेशी त्यांचा सर्वांत प्रभावी वापर पाहणे उद्बोधक ठरेल. शेक्सपिअरच्या 'हेन्री द सिक्स्थ'च्या दुसऱ्या भागात (अंक ३, प्रवेश १) राणी मार्गारेट राजाच्या चुलत्यावर, ग्लॉस्टरवर, हा आरोप करते : राजाला भुलवणारी त्याची मुद्रा म्हणजे वाटसरूला फसवणारी रडवी मगर. ग्लॉस्टर निष्ठावान आहे. त्याच्या खुनाचा कट त्याच प्रवेशात शिजतो आणि शिजवणाऱ्यांत मार्गारेट आहे. 'ऑथेल्लो'त (अंक ४, प्रवेश १) ऑथेल्लो पाहुण्यांदेखत डेस्डिमोनाला मारतो, आणि तिचे अश्रू पाहून त्यांच्या थेंबाथेंबातून मगर जन्मेल अशा अर्थाचे बोलतो. प्रेक्षकाला माहीत आहे की ते अश्रू खरे आहेत. दोन्ही ठिकाणी आरोप खोटा आहे, आणि ज्याच्यावर तो केला जातो त्याचा पुढे जीव जातो. शेक्सपिअरने वाक्प्रचार रूढ अर्थाने वापरला खरा, पण रंगभूमीवर त्याने बोट फिरवले ते बोलणाऱ्याकडे. नक्राश्रू कोण ढाळतो यापेक्षा 'हे नक्राश्रू आहेत' असे कोण म्हणतो, हा नाटकाचा प्रश्न आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या भाषांतराने (१८६७) आणि देवलांच्या 'झुंझाररावा'ने (१८९०) ही शोकांतिका मराठीत आणली. संशयी नवऱ्याच्या तोंडचे स्त्रीच्या रडण्याविषयीचे निदान किती विश्वासार्ह, हे मराठी प्रेक्षकाने तेव्हापासून पाहिलेले आहे. कोशातल्या 'खोटे दुःख' या अर्थात मात्र निदान करणारा दिसतच नाही.

समीक्षेच्या दृष्टीने खरी अडचण येथे सुरू होते. अश्रू खरा की खोटा, हे ठरवायचे कशावरून? भरताने अश्रूची गणना आठ सात्त्विक भावांत केली आहे. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात सत्त्वाचे स्वरूप सांगताना तो म्हणतो त्याचा आशय असा, की जो स्वतः दुःखी नाही त्याला रडणे दाखवायचे असेल तर मनाच्या एकाग्रतेवाचून ते साधणार नाही. म्हणजे नटाचा अश्रू त्याच्या वैयक्तिक दुःखातून आलेला नसतो, आणि तरीही तो खोटा नसतो. खरे-खोटे या द्वंद्वाच्या बाहेर असलेली ही तिसरी जागा भारतीय काव्यशास्त्राने फार पूर्वीच आखून ठेवली आहे, आणि नक्राश्रू या शब्दाला नेमकी तीच जागा दिसत नाही. त्याच अध्यायात अश्रूची कारणे दिली आहेत, ती वाचण्यासारखी आहेत. आनंद, अमर्ष, भय, शोक यांच्या बरोबरीने धूर, अंजन, जांभई, एकटक पाहणे, थंडी आणि रोग हीही कारणे तेथे आहेत. डोळ्यांतल्या पाण्याला मनाची साक्ष मानण्याची घाई भरताला नव्हती.

विज्ञानानेही या प्रकरणात शेवटी भरताचीच बाजू घेतली, असे म्हणता येईल. २००७ मध्ये केंट व्लिएट आणि माल्कम शेनर यांनी फ्लोरिडातील प्राणिसंग्रहात मगरीच्या कुळातील सात प्राण्यांना जमिनीवर खाऊ घालून निरीक्षण केले. सातांपैकी पाच प्राण्यांच्या डोळ्यांत खाताना पाणी आले. अश्रूग्रंथी त्यांना असतातच. खातानाच्या फूत्कारांनी नाकपोकळीतून ढकललेली हवा ग्रंथींवर दाब आणत असावी, असा त्यांचा तर्क आहे. थोडक्यात, मँडेव्हिलच्या वृत्तातील निरीक्षण अगदीच निराधार नव्हते; त्याचा अर्थ लावणारी नीती माणसाची होती. मगर रडते, पण ती खोटे रडत नाही, कारण ती खरेही रडत नाही.

मराठी समीक्षेत या शब्दाचा वापर बहुधा जेथे विश्लेषण थकते तेथे होतो. समाजातील वरच्या थरातल्या लेखकाने खालच्या थरातल्या दुःखावर लिहिले, की सहानुभूतीचे लेखन आणि नक्राश्रू यांच्यातले अंतर एका वाक्यात मिटवले जाते. दलित साहित्याच्या चर्चेने अनुभवाच्या अधिकाराचा जो प्रश्न उभा केला तो मूलगामी होता. दुःख कोणाचे, ते सांगण्याची भाषा कोणाची, आणि सांगण्याचा लाभ कोणाला, असे त्याचे स्वरूप होते, आणि त्याची उत्तरे संहितेत शोधता येतात. 'नक्राश्रू' हा शब्द तो प्रश्न सोडवत नाही. तो लेखकाच्या अंतःकरणावर निकाल देतो, जेथे कोणाही समीक्षकाचा प्रवेश नाही.

बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'चे (१८५७) उदाहरण येथे कसोटीसारखे वापरता येईल. हिंदू विधवांच्या दुःखाचे हे कथन एका धर्मांतरित लेखकाचे आहे. नायिका अखेरीस ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. विधवांसाठी ढाळलेले अश्रू वस्तुतः मिशनच्या हेतूने ढाळले आहेत, असे म्हणणे अतिशय सोपे आहे. पण त्या कादंबरीची रचना पाहावी. यमुना आणि विनायक प्रवास करतात आणि ठिकठिकाणच्या विधवांची कहाणी कानावर येते. कथानकाचा मोठा भाग ऐकण्याने व्यापलेला आहे. पहिल्या बऱ्याच भागात यमुना त्या दुःखाची साक्षीदार आहे, विनायकाच्या मृत्यूनंतर ती त्याच दुःखाचा विषय होते, आणि कादंबरीचा उपदेशक स्वर या स्थित्यंतराला कोठे पेलतो व कोठे झाकून टाकतो, हे पानोपानी दाखवता येते. लेखकाचा हेतू प्रचारकी असूनही काही विधवांचे बोलणे त्या हेतूला पुरून उरते. हे उरणे मोजणे हे समीक्षेचे काम आहे. ते काम केल्यानंतर 'नक्राश्रू' हा शब्द वापरण्याची गरज भासत नाही, आणि केले नाही तर तो वापरण्याचा अधिकार पोहोचत नाही.

याउलट सुसरबाईकडे समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'ने (१९४२-४७) अशा प्रयोगांचा प्रचंड साठा हाताशी ठेवला, परंतु म्हणीला बोलणाऱ्याच्या जागेवरून वाचण्याची रीत अजून रुळायची आहे. आत्मकथनांतून सावकारापुढे, पाटलापुढे, मालकापुढे, हेडमास्तरापुढे बोलली गेलेली जी आर्जवी वाक्ये येतात, ती निवेदकाच्या आजच्या भाषेपेक्षा वेगळी असतात. निवेदक तीरावरून लिहीत असतो. ते वाक्य पाण्यातले असते. एकाच पानावरील या दोन भाषांमधला सांधा तपासताना 'बाई', 'मायबाप', 'साहेब', 'धनी' ही संबोधने कोठे येतात आणि कोणत्या क्षणी थांबतात, हे प्रथम पाहावे लागेल. पंचतंत्रातील वानरही मकराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतो, पण झाडावर चढल्यानंतर.